गाडी बंद

हुलगेरी,
रविवार, १२ जुलै १९५३

चि. विरुपाक्ष यास गौरक्काचे आशीर्वाद व शरणार्थ.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. एप्रिलमध्ये पेटी उचलून गुलबर्ग्याला निघालास तेव्हा दारात म्हणालास, "आता घर तू आणि तुझी भावजय बघा." बघतोय आम्ही. गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या खोलीचं छप्पर गळतं, खाली घमेलं ठेवलंय.

महानंदाच्या मास्तरकीच्या ट्रेनिंगवरून तू घर सोडलंस. तेव्हा मी तिच्या बाजूनं बोलले, त्याचा मला आजही पस्तावा नाही. शाळेतलं उर्दू गेलं, आता मराठी-कानडी शिकवायला बायामाणसं हवीत. औरादहून सातवी पास झालेली मुलगी आपल्या घरात आली आणि तिनं भाकऱ्याच थापाव्यात, हे मला पटत नाही. तू कचेरीत कारकून झालास तेव्हा आपण गावजेवण घातलं होतं, आठवतंय ना?

तक्रार तिची नाही, गाडीची आहे. सकाळची पॅसेंजर आपल्या हाल्टवर आठ दहाला यायची. गेल्या महिन्यात ती तीनदा वेळेवर आली. बाकीचे दिवस नऊ, साडेनऊ, एकदा तर बारा वाजता आली आणि वर शिट्टी अशी मारली की जणू आम्हीच तिला ताटकळत ठेवलं. मी हाल्टवरच्या तिकीटवाल्याला विचारायला गेले. तो म्हणाला, "अक्का, मला कोन सांगतंय? ती आली की मला बी कळतंय." मी थोडी बोलले त्याला. माझा आवाज तुला माहीत आहे. घरात बाप्याचा आवाज एकट्या गौरीचा, असं अप्पा म्हणायचे. पलीकडच्या शिवारातले बैल थांबले म्हणे.

ट्रेनिंग स्कूलमध्ये सव्वादहाला हाजिरी होते. नऊची गाडी मिळाली तर ती कशीबशी गाठते, त्यानंतर पोचलं की गैरहजर. सहामाहीत दहा गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी. महिन्याभरातच महानंदाच्या पाच झाल्या, पाचही गाडीपायी. शाळेचं बोर्डिंग आहे, पण लग्न झालेल्या बाईला तिथं राहायचं तर नवऱ्याची लेखी परवानगी लागते. छापील कागद सोबत पाठवलाय. खाली सही कर आणि उलट टपाली धाड. मला दुसरं काही नको.

तुझी,
गौरक्का

ता. क. हे पत्र महानंदानं तपासलंय. ऱ्हस्व-दीर्घ तिचे, बोलणी माझी.


हुलगेरी,
रविवार, ९ ऑगस्ट १९५३

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. सही न केलेला कागद परत आणि वर दोन ओळी, "तिला घरी बसव. मग मी येतो." वाचून मी चुलीत घालणार होते, पण महानंदानं काढून घेतलं. तिनं ते घडी घालून पेटीत ठेवलंय. कशाला ठेवलं ते तिलाच ठाऊक.

ते पत्र आलं त्या दिवशीची गंमत सांगते, तेवढीच एक हसण्यासारखी गोष्ट आहे इथं. आपल्या घरात चुलीपाशी कानडी आणि दारात मराठी, हे तुला सांगायला नको. मी गोठ्यातून ओरडले, "महानंदा, टपाल बंदद!" म्हणजे टपाल आलंय, जा, घे. ती औरादची. तिचं कानडी अजून ऊट-नीरुच्या, म्हणजे जेवण-पाण्याच्या, पुढे गेलेलं नाही. तिनं ऐकलं, टपाल बंद. पुरामुळे टपाल बंद झालं असं समजून ती तोंड पाडून आत बसून राहिली. पोस्टमन वाट बघून कागद कोनाड्यात खुपसून गेला. संध्याकाळी मी विचारलं, "पत्र वाचलंस का?" तर म्हणते, "आता कुठली पत्रं अक्का, टपालच बंद झालंय न्हवं?" मग दोघींची हसून हसून पुरेवाट झाली. पत्र उघडेपर्यंत.

ती मला म्हणाली, "अक्का, तुमी निवांत असला की माझ्यासंग मराठी बोलता. घाई झाली की तुमच्या तोंडून कानडीच येतंय." मी म्हटलं, बरं बाई, आजपासून घाईतसुद्धा मराठी. देवासमोर हात ठेवून सांगितलं तिला.

गैरहजेऱ्या आठ झाल्या. नदीला पाणी आहे, उतारावरची वाट बुडाली, त्यामुळे बैलगाडीही जात नाही. आता लोक काय करतात, तर गाडी आली नाही की रेल्वेच्या पुलावरून चालत पलीकडे जातात. तिथल्या पाटीवर, म्हणजे सडकेच्या थांब्यावर, मोटार मिळाली तर दहाच्या आत शाळा गाठता येते. रझाकारीत त्या पुलावर पहारा होता तेव्हा कुणी पाय ठेवत नव्हतं. आता शिक्षक, दूधवाले, कोर्टात तारीख असलेले, सगळे चालतात. महानंदाही परवा गेली. मला न विचारता गेली.

दुसरा छापील कागद मागवून घेतलाय. सोबत आहे.

गौरक्का


हुलगेरी,
रविवार, ३० ऑगस्ट १९५३

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. असो. नऊ झाल्या.

मला आता भीती वाटते. लिहायचं नव्हतं, पण लिहिते. पावसाळ्यात पुलावर राखणदार असतो, पिराप्पा. बाणूबाईचा नवरा, मागे आपल्या शेतात मेंढरं बसवायचा तोच. पाणी किती चढलं ते बघणं, रूळ बघणं, हे त्याचं काम. लोकांना पुलावर सोडू नये असा त्याला हुकूम आहे, पण रोज गयावया करणारी तीस माणसं तो कशी अडवणार? मग त्यानंच एक रीत पाडली. पुढच्या स्टेशनातून गाडी सुटलेली नाही असं ट्रॉलीवाल्याकडून कळलं की तो पुलाजवळच्या बंधाऱ्यावर उभा राहून आरोळी देतो, "गाडी बंऽऽद!" ती आरोळी ऐकली की लोक पुलावर पाय टाकतात. आरोळी नसेल तर कुणी जात नाही. अख्खं गाव त्या एका शब्दावर चालतं.

पूल तू पाहिलायस. दोन्ही बाजूंना कठडा नाही, रुळांच्या मधे फळ्या, फळ्यांतून खाली पाणी दिसतं. मधे मधे बाजूला लाकडी कोनाडे काढलेत, गाडी आलीच तर अंग चोरून उभं राहायला. महानंदा म्हणते, "कोनाड्यापातूर पळायला येतंय अक्का, मी पावलं मोजली हायत." पावलं मोजलेली बाई घाबरलेली असते, एवढं मला कळतं. रोज तिला पुलाच्या तोंडापर्यंत सोडायला मी जाते. ती पलीकडे उतरून छत्री हलवते, मग मी घरी येते.

एकच उरलीय विरुपाक्षा. दहावी झाली की नाव गेलं. आणि ती आता आरोळीचीही वाट बघेनाशी झालीय. परवा म्हणाली, "पिराप्पाकाका तिकडच्या टोकाला असला की वरडत न्हाई. मग मी किती येळ थांबू?" मी रागावले. तुझी सही आली तर हे सगळं थांबेल. तुझी सही मला हुबेहूब करता येते, लहानपणी तुझ्या प्रगतिपुस्तकावर अप्पांची करत होते तशी. पण महानंदा ऐकत नाही. म्हणते, "खोट्या सहीवर मी बाई व्हणार न्हाई." तुमची दोघांची जोडी देवानं नीट बघून जुळवलीय, हट्टाला हट्ट.

कागद तिसऱ्यांदा पाठवते आहे.

गौरक्का


हुलगेरी,
शनिवार, १९ सप्टेंबर १९५३

विरुपाक्षा,

तू पाणीही न पिता गेलास. मी तुला दोष देत नाही. तार मिळाल्या मिळाल्या निघालास आणि गाडीनं तुला सहा तास वाटेत बसवलं. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. मठातले अय्यनवर म्हणाले, आणखी ठेवता येणार नाही. तिला विभूती लावली, हातात लिंग दिलं, समाधीत बसवलं. तू आलास तेव्हा लोक हात धूत होते. तू मातीवर हात ठेवून बसलास ते मी बघितलं. जवळ यायचा मला धीर झाला नाही.

तू विचारलंस, कसं झालं. ते आता लिहिते.

सोमवारी पॅसेंजर आलीच नाही. वर कुठे तरी पावसानं रुळाखालची माती वाहून गेली होती. पण ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. साडेआठ झाले, नऊ झाले. दहावी गैरहजेरी होती. ती निघाली. माझ्या अंगात कणकण होती, मी त्या दिवशी घरीच होते. पॅसेंजर आली नाही, पण रूळ दुरुस्त करायला खडीची गाडी सोडली होती, ती हाल्टवर थांबत नाही. म्हणतात की पुलावरून आरोळी आली, गाडी बंद. शिवारात काम करणाऱ्या चार माणसांनी ऐकली. कोनाड्यात उभी होती ती, आरोळी ऐकून बाहेर आली. मागे वळून हात हलवला, छत्री उघडली आणि सावकाश चालायला लागली. सावकाश. पुढचं मला लिहिता येत नाही.

पिराप्पा म्हणतो, मी पलीकडच्या टोकाला पाणी मोजत होतो, मी आरोळी दिलीच नाही. लोक म्हणतात, तो देतो म्हणूनच तर ऐकू आली.

तुझी पेटीतली पत्रं तशीच आहेत. म्हणजे एकच पत्र.

गौरक्का


हुलगेरी,
रविवार, ११ ऑक्टोबर १९५३

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पिराप्पाविरुद्ध तू लेखी दरख्वास्त दिलीस, कचेरीतल्या वकिलाकडून लिहून घेतलीस, हे कळलं. "एक शब्द तोंडातून काढताना त्याला माझी बायको दिसली नाही का" हे तुझं वाक्य मी फार वेळा वाचलं.

त्याला कामावरून उतरवलंय. चौकशी सव्वीस तारखेला, तालुक्याच्या स्टेशनात, अकरा वाजता. त्यात दोषी ठरला तर रेल्वेची खोली जाईल आणि पुढे खटला भरतील. त्याचं वय बघ रे. दम्यानं छाती भाता झालीय. तुझं दुःख मला दिसतं, पण दरख्वास्त मागे घेता येईल का? दोष गाडीचाही आहे, आणि खडीची गाडी येणार हे राखणदारालाही न सांगणाऱ्यांचा आहे. एका माणसाच्या गळ्यात सगळं बांधायचं का, एवढंच मी विचारते. रागावू नकोस.

गुरुवारी तो घरी आला होता. ओसरीच्या खालीच उभा राहिला. बाणूबाई मागे, पदर तोंडात धरून. मी म्हटलं, वर ये. आला नाही. म्हणाला, "अक्का, मी न्हाई वरडलो. पन वरडलं कुनीतरी, चार मानसं खोटं कशाला बोलतील? मी राती पडून ह्येच इचार करायलोय. तुमचं घर बंधाऱ्याच्या अंगाला. तुमाला आवाज आला का वो? कुनाचा व्हता?"

मी म्हटलं, "न्हाई. मी झोपले व्हते."

तो म्हणाला, "व्हय. तुमी कामून ऐकाल." आणि गेला. बाणूबाई मात्र एक घटकाभर माझ्याकडे बघत उभी राहिली. आता ती विहिरीवर माझ्या वेळेला येत नाही.

घर फार मोठं झालंय. कालवडीला महानंदानं नाव ठेवलं होतं, ते माझ्या तोंडून हाकेत निघत नाही.

गौरक्का


हुलगेरी हाल्ट,
सोमवार, २६ ऑक्टोबर १९५३, सकाळ

विरुपाक्षा,

हे टपालात टाकणार नाही. तू परस्पर चौकशीला येणार आहेस, तिथं तुझ्या हातात देईन, आणि तू वाचत असतानाच आत जाऊन साहेबांना सांगेन. म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. पेन्सिलीनं लिहितेय, फलाटावरच्या पेटाऱ्यावर बसून. शुद्धलेखनाच्या चुका राहतील, तपासायला कुणी नाही.

तू हुशार माणूस. कारकून. दोन ओळींत माणसाची चूक काढतोस. माझ्या पत्रात लिहिलं होतं की मी घरीच होते, आणि त्याच पत्रात लिहिलं होतं की तिनं हात हलवला, छत्री उघडली, सावकाश चालू लागली. घरात झोपलेल्या बाईला छत्री कशी दिसली, हे तू विचारलं नाहीस. मी रोज वाट बघत होते की तू विचारशील.

मी पुलाच्या तोंडाशी होते. रोजच्यासारखी. आरोळी झाली नव्हती. मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, "अक्का, आज धा व्हतील," आणि निघाली. तिसऱ्या कोनाड्यापाशी गेल्यावर तिला काय वाटलं कुणास ठाऊक, कोनाड्यात शिरली आणि वळून माझ्याकडे बघितलं. हातानं विचारलं, येऊ का परत, की जाऊ? तेवढ्यात मला बाभळींच्या वर धूर दिसला. वळणामुळे तिला तो दिसत नव्हता. पाण्याचा आवाज एवढा होता की इंजिन मलाही ऐकू येत नव्हतं. ती कोनाड्यात होती विरुपाक्षा. मी तोंड मिटून उभी राहिले असते तरी ती वाचली असती.

मी ओरडले. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "महानंदा, गाडी बंदद! गाडी बंदद!"

गाडी आली म्हणून सांगत होते मी तिला. माझ्या आईच्या भाषेत. देवासमोर हात ठेवून तिला काय कबूल केलं होतं ते त्या घडीला माझ्या ध्यानातही नव्हतं. वाऱ्यानं शेवटचं अक्षर खाल्लं असेल, किंवा तिच्या कानानं. तिला पिराप्पाचा शब्द ऐकू आला, रोजचा. मी दोन्ही हात हलवत होते, तेही तिनं 'जा' असंच घेतलं. तिचा चेहरा खुलला. हात हलवून ती बाहेर आली, वाऱ्याकडे छत्री धरली आणि निवांत चालू लागली, कारण अक्कानं सांगितलं होतं की आज घाई नाही.

शिवारातल्या माणसांनी ऐकला तो बाप्याचा आवाज माझा होता. पिराप्पाला कानडीचा एक शब्द येत नाही. त्याच्या आरोळीत 'बंद' म्हणजे बंदच असतं.

मी गप्प का बसले? तू मातीवर हात ठेवून बसलास ना, तेव्हा मला वाटलं, हे सांगितलं तर माझा भाऊही जाईल. तुझ्या रागाला जागा हवी होती, ती पिराप्पाच्या अंगावर मिळाली, आणि मला हलकं वाटलं. हो, हलकं वाटलं. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. आणि एक सांगते, तुला टोचण्यासाठी नाही. तीन कागद पाठवले होते. त्यातल्या एकावर तुझी सही असती तर ती त्या दिवशी बोर्डिंगात वेणी घालत असती. आपण दोघांनी मिळून तिला त्या पुलावर पाठवलं आणि शिक्षा मेंढरं राखणाऱ्याला देतोय. तुला पटलं नाही तरी मी आत जाऊन बोलणार आहे.

साडेनऊ झाले. गाडी नाही. तिकीटवाला म्हणतो, "सुटली म्हनत्यात, पन दिसंना." अकराच्या आत पोचले नाही तर पिराप्पाचा अंगठा घेऊन कागद मिटतील. नदीचं पाणी उतरलं असलं तरी वाटेवर अजून चिखल आहे, बैलगाडी रुतेल. पुलावरून गेले तर पाटीवर सव्वादहाची मोटार मिळेल. त्या दिवसापासून मी तिकडे पाय टाकलेला नाही.

पावणेदहा. महानंदाची छत्री बरोबर आणलीय. काड्या मी सरळ केल्या, तू बघशीलच. तिची पावलं मला माहीत आहेत, कोनाड्यापासून कोनाड्यापर्यंत अठ्ठावीस. माझी थोडी जास्त होतील.

आता बंधाऱ्यावरून नवा राखणदार ओरडतोय. हात हलवतोय. "गाडी बंद" एवढं कळलं, पुढचं वाऱ्यात गेलं, किंवा पुढं काही नव्हतंच. फलाटावरची माणसं गठुडी उचलून पुलाकडे निघालीत. राखणदार चिंचोळीकडचा आहे, घरी कानडी बोलतो म्हणे.

मी आधी पळत जाऊन त्यांना अडवते, आणि त्याला विचारून येते, तो कोणत्या भाषेत ओरडला.